मागच्या दाराचं मांजर

११ जानेवारी, रविवार
लिहायचं, लिहायचं म्हणत दोन महिने टाळलं. वही आमच्या विशेष मुलांच्या सेंटरमधल्या शीजा मॅडमनी नोव्हेंबरात हातात दिली. म्हणाल्या, "रोज दो लाइन. आदत पड़ेगी." पहिल्या पानावर मी उंट काढला. दुसऱ्या पानावर मावशीने इडलीचं प्रमाण लिहून ठेवलं. तिसरं पान आज.

आज लिहितेय कारण भीती वाटली. मॅडमनी सकाळी सगळ्यांसमोर विचारलं, "केतकी, रेवा का चार्ट किधर है?" मी म्हटलं, घरी राहिला. घरी नाहीये. कुठेच नाहीये. भरलाच नाही.

चार्ट म्हणजे आमचा तक्ता, तीन रकाने. आधी काय झालं, मग रेवाने काय केलं, नंतर काय झालं. रेवा सात वर्षांची. बोलत नाही, चित्रांची कार्डं दाखवते. डिसेंबरपासून स्वतःचं मनगट चावतेय. कधी कधी दुसऱ्याचंही. मी तिची मदतनीस, दिवसभर तिच्या बाजूला. म्हणून तक्ता माझ्याकडे.

मॅडम म्हणाल्या, रमजान लागायच्या आत मीटिंग आहे, डायरेक्टर बसणार. चावणं का होतंय ते कळलं नाही तर सेंटर तिला गटात ठेवू शकणार नाही. दुसऱ्या जागी वेटिंग लिस्ट. मग रेवा आणि तिची आई नाशिकला परत, बाबा इथे दोह्यात एकटे.

हे सगळं माझ्या तक्त्यावर? बारावीत दोनदा इंग्रजीत गचकलेल्या मुलीच्या?

दोन ओळी म्हटलं होतं. जास्त झाल्या.

१२ जाने., सोमवार
आज पण मागच्या फाटकाशी मांजर होतं. केशरी, एक कान फाटका. एसीच्या मशीनखाली गरम हवेत झोपतं. थंडीत शहाणं आहे. मी त्याचं नाव सुभेदार ठेवलंय.

रेवाला बाबांकडून घेताना तिला सुभेदार दाखवला. बघत राहिली. छान वाटलं.

दुपारी मेट्रोत झोप लागली, मुशैरिब स्टेशनला उतरायचं सोडून पुढे गेले. मग परत आले, तर स्टेशनबाहेर एका भिंतीवर ऊन पडलं होतं ते बघत बसले. घरी उशीर. मावशी: "काय गो, मेट्रोत संसार मांडलंस काय?"

रेवा आज चावली. तक्ता: उद्या.

१३ जाने., मंगळवार
सकाळी परत सुभेदार. रेवा चावली. मनगट, डावं. दोनदा. की तीनदा?

ग्रेस म्हणजे आमची थेरपिस्ट, फिलिपिनो, माझ्याहून फार मोठी नाही पण मला 'मॅम केतकी' म्हणते. ती धावत आली, रेवाच्या खांद्यांवर दाब दिला, शांत केलं. मग मला म्हणाली, नेमकं कधी सुरू झालं, मॅम केतकी? मी म्हटलं, डब्यानंतर. खरं तर मी तेव्हा वर्गाबाहेर पाणी भरत होते.

१४ जाने., बुधवार. संक्रांत
रेवाच्या बाबांनी तिळगूळ आणला. निखिलदादा. मी आधी सर म्हणायचे, ते म्हणाले, "सर काय, दादा म्हण. परक्या देशात आपली माणसं किती आहेत?" रास लफानला गॅसच्या प्लांटमध्ये शिफ्ट. चार दिवस काम, चार दिवस सुटी. सुटीत असले की रेवाला तेच सोडतात, कारण तेव्हा मुग्धाताई, रेवाची आई, क्लिनिकमध्ये कामाला लवकर जाते.

दादा पुढच्या दाराने येत नाहीत. पुढच्या दाराशी मॅडम स्वतः उभ्या असतात. तिथे नियम आहे. आई-बाबांनी गुडघ्यावर बसायचं, 'टाटा'चं कार्ड दाखवायचं, मग 'दुपारी'चं कार्ड, मग हात हलवून जायचं. मूल रडलं तरी. दादांना ते होत नाही. म्हणून मागचं फाटक. मी आतून कडी काढते. ते म्हणतात, "हिला जरा तिकडे बघायला लाव." मी सुभेदार दाखवते. रेवा वाकते. दादा सटकतात. एक टिपूस नाही. दोघांनाही बरं.

आपल्याकडे सगळे असंच करतात की. कावळा दाखवा, चिऊ दाखवा, आणि निघा.

तिळगूळ कडक होता. एक दात अजून हुळहुळतोय. रेवा आज पण चावली, कधी ते बघायचं राहिलं.

१५ जाने., गुरुवार
आठवडा संपला. (इथे शुक्रवार-शनिवार सुटी, तीन वर्षं राहूनही मावशीला अजून रविवारी वसईच्या मैत्रिणीचा चर्चमधून फोन आला की आपल्यालाही सुटी आहे असं वाटतं.)

एक वाजता मॅडमनी हात पुढे केला. तक्ता.

दहा मिनिटं मागितली. बाथरूममध्ये जाऊन पाच दिवसांचा भरला. काय आठवत होतं? ग्रेसला म्हटलं होतं 'डब्यानंतर'. तेच लिहिलं. रवि, सोम, मंगळ, बुध: डब्यानंतर लगेच, मनगट चावली, शांत केलं. आज मुग्धाताईने सोडलं होतं, आज काही झालं नाही बहुतेक. पण एकच दिवस रिकामा सोडला तर संशय येईल. तिथेही 'डब्यानंतर'. पेनं दोन वापरली, निळं आणि काळं, वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून.

मॅडमनी चष्मा लावून वाचलं. "गुड. वेरी क्लीन." मी दोन्ही पेनं खिशात सरकवली.

१८ जाने., रविवार
तक्त्यावर मीटिंग झाली. छोटी. मॅडम, ग्रेस, मी, मुग्धाताई.

मॅडम म्हणाल्या, रोज खाण्यानंतरच, म्हणजे खाण्यात काही असेल, पोटात दुखत असेल, किंवा टेबलावर गर्दी होत असेल. रेवाचा डबा वेगळ्या खोलीत. डॉक्टरांना विचारून काही पदार्थ बंद करून बघू.

मुग्धाताईने वहीत भराभर लिहून घेतलं. तिचं अक्षर किती सुंदर आहे. मग म्हणाली, "दही असेल. ती दहीभाताशिवाय दुसरं काही सुखाने खात नाही. आजच डॉक्टरांना फोन करते." तिने माझा हात धरला. "केतकी, तू एवढं बारीक लक्ष ठेवतेस. बरं वाटतं. इंग्लिशमधले रिपोर्ट वाचून मला काही कळत नाही खरं, तू आहेस म्हणून."

मी म्हटलं, "अहो ताई, त्यात काय."

त्यात काय! त्यात काय!!

१९ जाने., सोमवार
दादांची सुटी सुरू. मागचं फाटक. सुभेदार मशीनखाली.

रेवा वेगळ्या खोलीत, दहीभाताऐवजी पोळी-जॅम. पोळी जमिनीवर. चावली, पण डब्याच्या कितीतरी आधी. साडेआठला. मी तिथेच होते. रेवा खिडकीशी उभी होती, आणि एकदम.

लिहायचं का? लिहिलं तर आधीचं खोटं पडतं.

२१ जाने., बुध.
सकाळी फाटकाशी दादा, सुभेदार. आज मुद्दाम बघितलं. साडेआठ, मग नऊला एकदा, मग काही नाही. दोन्ही वेळा खिडकीशी. खिडकीतून पार्किंग दिसतं. पांढऱ्या गाड्या. दोह्यात पांढरीशिवाय गाडी दिसते का? मावशीच्या बिल्डिंगखाली एकदा मोजायला लागले होते, एकवीस पांढऱ्या, एक लाल, आणि लाल पिझ्झावाल्याची.

मॅडमना सांगायला गेले. दारात ग्रेस भेटली, तिने मला तिच्या भाच्याच्या बाप्तिस्म्याचे फोटो दाखवले, मग घंटा झाली.

फोटो हे निमित्त. खरं कारण मला माहितीय.

२२ जाने., गुरु.
तक्ता दिला. 'डब्यानंतर' दोन दिवस, 'डब्याच्या आधी' दोन दिवस. अर्धं खरं लिहिलं की झोप अर्धी तरी लागेल असं वाटलं होतं. नाही लागत.

मॅडमनी ओठ आवळले. "मिक्स्ड है. और एक हफ्ता देखेंगे. दही बंद रहने दो."

२५ जाने., रवि.
मुग्धाताईने सोडलं, पुढच्या दाराने, कार्डं दाखवून. रेवा रडली थोडी, मग हात सोडला आणि आत आली. दिवसभर काही नाही. चावणं नाही, ओरडणं नाही. मला वाटलं दही बंद केल्याचा गुण आला. एवढा आनंद झाला की देवाला नमस्कार केला. खोटं बोलूनही खरं निघालं तर?

मुग्धाताई दुपारी म्हणाली, "चेहरा बारीक झालाय ना गं हिचा?"

२६ जाने., सोम.
आजही शांत. दही! दहीच होतं!

मावशीला सांगितलं. मावशी कोळंबी सोलत होती. "दह्यान पोर चावता? आमच्या घरात मग सगळीच चावली असती." तिला काय कळतंय, ती हॉस्पिटलच्या रिसेप्शनला आहे फक्त. पण लागलं ते.

२७ जाने., मंगळ.
दादा. मागचं फाटक. धुळीचा वारा होता, सुभेदार फाटक्या कानावर पंजा घेऊन झोपलेला. दादा म्हणाले, "बघ, हसत गेली आत."

चावली. तीनदा. ग्रेसच्या हाताला पण. ग्रेस म्हणाली इट्स ओके, इट्स ओके, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन हातावर बर्फ धरून बसली.

दही नव्हतं म्हणजे.

२९ जाने., गुरु.
तिन्ही दिवस तेच. मॅडम मला: "केतकी, तू कुछ मिस कर रही है." रागाने नाही. रागावल्या असत्या तर बरं.

मुग्धाताईने विमानात किती सामान नेता येतं ते विचारून ठेवलंय. मला सहज सांगितलं, भाजी कुठली आणली सांगावं तसं. "निखिलला अजून बोलले नाहीये. मीटिंगपर्यंत थांबते."

मला पळून जावंसं वाटतंय. मला ते येतं. तारकर्लीच्या बोटीवरून गेले, गोव्याच्या कॅफेतून गेले, हिमाचलात सफरचंदं अर्धी झाडावर ठेवून गेले. कुणाला सांगून कधीच नाही. सकाळी उठायचं, बॅग, निघायचं. लोकांना वाटतं मला फिरायची हौस. मला फक्त निरोप घेता येत नाही.

१ फेब्रुवारी, रवि.
शांत दिवस. मुग्धाताईने सोडलं.

वही पहिल्यापासून वाचायला पाहिजे एकदा असं मनात आलं. मग टीव्हीवर मावशीची मालिका लागली.

२ फेब्रु., सोम.
हात सुजलाय म्हणून अक्षर असं.

आजही मुग्धाताईने सोडलं, रेवा छान होती. मधल्या सुटीत म्हटलं बक्षीस म्हणून तिला तिचा लाडका सुभेदार दाखवावा. मागच्या दाराने नेलं. तो मशीनवर बसला होता, अंग चाटत. मी म्हटलं, "रेवा, बघ बघ, माऊ!"

रेवाने मांजराकडे बघितलं. मग वळून फाटकाकडे. मग मांजराकडे. आणि असा आवाज काढला की. आजवर ऐकला नव्हता. फाटकाच्या सळ्या धरल्या, बाहेरची रिकामी गल्ली बघितली आणि माझा हात चावली. सोडेचना.

मांजर दिसलं की बाबा जातात.

तिला बोलता येत नाही, पण हे तिला कधीच कळलं होतं. मी रोज तिला तेच दाखवत होते.

मग आत येऊन ती खिडकीशी. पांढरी गाडी. आणखी एक पांढरी गाडी. दादांची पण पांढरीच. प्रत्येक गाडीला टाचा उचलून.

घरी आल्यावर ही वही वाचली. ज्या ज्या दिवशी मांजराबद्दल लिहिलंय, त्या त्या दिवशी ती चावलीये. मांजर नाही, त्या दिवशी शांत. तक्त्यात खऱ्या ओळी जेमतेम दोन, आणि इथे मी भलतंच लिहीत बसले, त्यात सगळं आहे.

३ फेब्रु., मंगळ.
सांगितलं नाही.

मॅडम फोनवर होत्या. मग जेवत होत्या. मग एकट्या होत्या, मोकळ्या होत्या, माझ्याकडे बघून "क्या?" म्हणाल्या. मी म्हटलं, "खडू संपलेत."

खडू आम्ही वापरतच नाही.

४ फेब्रु., बुध.
हे लिहिताना लाज वाटतेय. लिहिणार मात्र.

दादा मागच्या फाटकाशी. मी ठरवून गेले होते, म्हणायचं, दादा, आजपासून पुढून या. रात्रभर घोकलं होतं. त्यांनी रेवाची बॅग माझ्याकडे दिली, म्हणाले, "दाखव गं तिला माऊ." मी कडी धरून उभी. रेवा त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून. ती मांजराकडे बघतच नव्हती. डोळे घट्ट मिटलेले.

आणि मी म्हटलं, "रेवा, ते बघ."

का म्हटलं? माहीत असून. तिने डोळे उघडले तोवर दादांनी शर्ट सोडवून घेतला होता, गल्लीत धूळच होती.

आज रक्त आलं. तिच्या मनगटातून. ग्रेसने पट्टी बांधली. माझ्या हातावर परवाचा वण आहे, तिथे मी दिवसभर बोट दाबून धरत होते.

५ फेब्रु., गुरु.
सांगितलं.

सकाळी फाटक उघडलंच नाही. कडीला हात लावून आतूनच म्हटलं, दादा, पुढून या. ते म्हणाले, "काय गं, किल्ली हरवली?" मी म्हटलं, हो. (तरी खोटंच.) ते पुढून गेले, मॅडम दिसल्या तशी गाडीतूनच रेवाला ग्रेसकडे दिलं आणि गेले. काच वर.

मग मॅडमच्या खोलीत. उभ्यानेच. हिंदी, इंग्रजी, मध्येच मराठी, जे तोंडात येईल ते. बाथरूम, दोन पेनं, फाटक, मांजर. ही वही पुढे ठेवली. त्यांना मराठी वाचता येत नाही, मी एकेक तारीख वाचून सांगितली. माऊ, चावली. माऊ, चावली. आई, शांत.

मॅडमनी उठून दार लावलं. मग माझे तक्ते फाइलमधून काढले, टेबलावर पसरले. "बच्चा बोलता नहीं, केतकी. ये कागज़ उसका मुँह है. तूने उसके मुँह में अपनी बात डाल दी."

मी म्हटलं, मला काढून टाका.

"वो डायरेक्टर देखेगा. भागना आसान है. पहले माँ को बोल. रविवार. मैं साथ में बैठेगी. बोलेगी तू."

बाहेर ग्रेस होती. तिने ऐकलं असणार, भिंती पातळ आहेत. मला वाटलं आता ही पण. तिने त्या दिवशी बर्फ लावलेला हात पुढे केला, निळा डाग अजून आहे, आणि म्हणाली की डब्याच्या आधी चावते हे मलाही दिसत होतं, मॅम केतकी. पण तक्ता तुझा, तू तिच्या भाषेतली, मी म्हटलं तुलाच जास्त कळत असेल. मी पण बोलले नाही.

म्हणजे सगळेच एकमेकांवर सोडून.

६ फेब्रु., शुक्र.
सुटी. काही नाही. कपडे धुतले, परत धुतले.

८ फेब्रु., रवि.
मुग्धाताई रेवाला सोडून थांबली. मॅडम बाजूला, हात मांडीवर. मी सांगितलं. मराठीत. मॅडमना कळत नव्हतं पण त्या माझ्या तोंडाकडेच बघत होत्या.

मुग्धाताई आधी हसली. खरंच. "मांजर?"

मग हसू थांबलं. "तीन आठवडे मी दहीभात बंद केलाय. ती फ्रिजपाशी जाऊन पातेलं दाखवायची. कार्ड आणायची, दह्याचं कार्ड, माझ्या हातात द्यायची. तुम्हीच शिकवलंत ना, कार्ड दिलं की वस्तू मिळते? मी नाही म्हणायचे. रोज. तुझ्या कागदामुळे."

मी खिडकीकडे बघितलं.

"आणि तू काय जत्रेत आली होतीस? ते बघ माऊ, ते बघ गाडी?"

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ताईने घेतला नाही. मग एकदम खाली बघून म्हणाली, "निखिल मला म्हणतो, ती हसत आत जाते. घरी पण तो असाच जातो. बाथरूमचा नळ सोडतो, तिला वाटतं बाबा आत आहेत. दाराबाहेर बसून राहते. मला माहीत होतं. मी घर आणि सेंटरमधल्या कम्युनिकेशनच्या वहीत रोज लिहायचे, 'घरी सर्व ठीक'. वाटायचं, खरं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, आईबापच नीट नाहीत."

हे मी मॅडमना हिंदीत सांगितलं. मॅडमनी ते ऐकून चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "तो अभी सब ने अपना अपना झूठ बोल दिया. अच्छा. अब काम करते हैं."

नवा बेत ठरला. खिडकीवर पडदा नाही, पण रेवाची खुर्ची फिरवायची. दहीभात आजपासून चालू. आणि सोडायला कुणीही येवो, पुढून, कार्ड, निरोप. बाबांनी सुद्धा. मॅडम म्हणाल्या, बाबांच्या वाटणीचं आईने करून चालणार नाही. बुधवारी डायरेक्टरसमोर दोघांची सही पाहिजे. बाबा तयार नसतील तर डायरेक्टर काय म्हणेल ते माहीत आहे.

निघताना ताई माझ्याशी बोलली नाही. रेवाचा डबा उचलून घेतला आणि तो दिवसभर इथेच राहायचा असतो हे दारात आठवलं, परत आणून माझ्या हातात दिला. तेवढंच.

९ फेब्रु., सोम.
दादांचा फोन. प्लांटवरून, मागे मोठा आवाज.

"केतकी, मला आधी बोलायचं होतंस ना. आपल्यातलं होतं ते. मॅडमकडे काय गेलीस?"

म्हटलं, दादा, चुकलं. पण मी बोलले नसते तर रेवा नाशिकला गेली असती.

"तू अजून लहान आहेस. मुलगी पाय धरून रडायला लागली ना, तर मी ते फाटक ओलांडू शकत नाही, की घराचा उंबरा. मग कामावर कोण जाणार? मला नाही जमत ते कार्ड-बिर्ड."

म्हटलं, दादा, ती रडते तेव्हा तिला कळलेलं असतं तुम्ही चाललात. न सांगता गेलात तर ती दिवसभर...

"बुधवारी माझी शिफ्ट आहे. सुटी मिळणार नाही. मुग्धाला सांग सही कर म्हणावं." पुढचं ऐकू आलं नाही. भोंगा वाजला. किंवा त्यांनी ठेवला.

ताईला कळवलं. तिने निरोप वाचला, निळ्या खुणा आल्या. 

१० फेब्रु., मंगळ. इथल्या राष्ट्रीय खेळ दिनाची सुटी
सगळं शहर बूट घालून कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर. मावशी पण, साडीवर स्पोर्ट शूज. अर्धा तास चालली आणि बाकावर बसून थर्मासमधला चहा काढला. "झाला खेळ."

तिला सगळं सांगितलं. मांजराचं, फाटकाचं. ती कपात बघत राहिली. समुद्रावर मुलं पतंग उडवत होती, एकाचा दोरा गुंतला, मी तिकडे बघायला लागले, तेव्हा ती बोलली.

"तुझी आवस मुंबयक कामाक गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतंस. ती रडता म्हणान मीच तुका मागच्या पडवीत न्हेलंय. मांजराची पिलां दाखवक."

मला पिल्लं आठवतात. तीन होती. एक पांढरं. आई गेल्याचं नाही आठवत, फक्त पिल्लं.

"मग तू काय करी होतंस ठाऊक आसा? चार दिस त्या मांजराक दगड मारी होतंस. कोणाक कळला नाय कित्याक. आज कळला." मग पदराने डोळे पुसून माझ्यावरच ओरडली, "चाय पी, थंड होता."

उद्या मीटिंग. माझंही ठरेल, राहते की जाते. बॅग कपाटावर आहे. दोनदा खाली काढली, दोनदा वर ठेवली. जायचंच झालं तर या वेळी सांगून जाईन. रेवाला आधी. कार्ड घेऊन.

११ फेब्रु., बुध.
सकाळी सव्वादहा. मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, मांडीवर वही.

रेवा पुढून आली. ताईने गुडघ्यावर बसून कार्डं दाखवली. रेवाने 'टाटा'चं कार्ड घेतलं, उलटं केलं, मागे काही आहे का बघितलं. मग ताईच्या मानेत तोंड खुपसून रडली. मग आत. आता वर्गात खुर्ची फिरवून बसलीये, तिच्याजवळ ग्रेस आहे. आठ वाजल्यापासून माझा तक्ता समोर आहे. लगेच्या लगेच लिहितेय. ८.३०: काही नाही. ९.००: खिडकीकडे वळली, परत फिरली. १०.००: दहीभात, बोटं चाटली. निळं पेन एकच.

डायरेक्टर आत आहेत. मॅडमनी माझे जुने तक्ते आणि नवे, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलेत. काही झाकलं नाही. दारातून तुकडे ऐकू येतात. "...फ़ादर?" "...शिफ़्ट, सर." "...विदाउट फ़ादर, हाउ..." ताईचा आवाज येतच नाही. ती आत जाताना बाकापाशी थांबली होती. मला वाटलं काही बोलेल. तिने माझ्या हातावरचा वण बघितला आणि विचारलं, "दुखतं का गं?" मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "दुखत असेल," आणि आत गेली.

आता मला बोलावतील. काय बोलायचं ते हातावर लिहिलं होतं, घामाने गेलं.

आत खुर्ची सरकली. डायरेक्टर म्हणतायत, तर मग आपण असं करू की

ग्रेस धावत आलीये. रेवाला कोणाकडे सोडून आली ही? दम लागलाय, हात पुढच्या दाराकडे. म्हणतेय, मॅम केतकी, प्लांटच्या कपड्यातच आहेत, हेल्मेटसुद्धा काढलं नाही, आणि दाराशी गुडघ्यावर बसून विचारतायत ते कार्ड कुठलं, आधी कुठलं दाखवायचं. रेवाचे बाबा आलेत. पुढून.